वाळूतले चाक आणि चाकातली हवा

चाक जमिनीवरून लोळत जाताना त्याला मागे खेचणारा जो विरोध होतो, त्याला अभियांत्रिकीच्या पुस्तकांत रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात आणि घोडेगावात ‘गाडी जड चालतीय’ असे म्हणतात. दुसरी व्याख्या अधिक नेमकी आहे, कारण हा विरोध गाडीच्या वजनाच्या हिश्श्यातच मोजतात. चांगल्या डांबरी रस्त्यावर हा हिस्सा शेकडा १ ते १.५ असतो. १,५०० किलोंची मोटार नगर–संभाजीनगर रस्त्यावर बंद पडली, तर ती सपाटीवर हलती ठेवायला साधारण २० किलोंचा जोर पुरतो. म्हणजे दोन शाळकरी मुले आणि मागून सूचना देणारा एक गृहस्थ. कच्च्या वाटेवर हिस्सा ५ ते ८ टक्क्यांपर्यंत जातो. मोकळ्या, कोरड्या वाळूत तो ३० टक्क्यांच्या घरात पोचतो. त्याच मोटारीला आता ४५० किलोंचा जोर लागतो.

४५० किलो हा आकडा डोळ्यांपुढे उभा राहत नसेल, तर घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात एक फेरी मारावी. दावणीला उभ्या असलेल्या एखाद्या पोसलेल्या दुभत्या म्हशीचे वजन साधारण एवढेच भरते. म्हणून या लेखापुरते ‘म्हैस’ हे विरोधाचे एकक मानले आहे. गावाच्या नावात घोडे आणि बाजारात लौकिक म्हशींचा, ही विसंगती पुढे उपयोगी पडेल.

कठीण रस्त्यावर जो काही विरोध होतो तो मुख्यतः टायरच्या पोटात होतो. टेकलेला भाग दबतो, सुटल्यावर पुन्हा फुगतो, पण दबताना घेतलेले सगळे परत देत नाही. उरलेल्याची ऊब होते. वाळूत खर्च टायरच्या बाहेर होतो. चाक वाळू दाबते, बाजूला सारते आणि आपल्याच पुढ्यात तिचा एक लहानसा बांध घालत जाते. रबर निदान थोडे उधार परत करते. वाळू काहीच परत करत नाही. मागे उमटलेली चाकोरी ही खर्च झालेल्या डिझेलची पावती असते, आणि ती जितकी खोल तितकी रक्कम मोठी. चाक आपण केलेल्या खड्ड्यात बसते आणि त्यातून वर चढू पाहते, तोवर पुढे नवा खड्डा तयार असतो. डोळ्यांना पात्र सपाट दिसते. चाकाच्या दृष्टीने तो न संपणारा चढ असतो, आणि ३० टक्क्यांचा हिशेब धरला तर इमामपूरच्या घाटापेक्षा पुष्कळच उभा.

सगळी वाळू एका स्वभावाची नसते. मराठी माणसाचे वाळवंट म्हणजे आधी चंद्रभागेचे, राजस्थानचे नंतर. नदीकाठची वाळू हा त्या शब्दाचा आपल्याकडचा जिव्हाळ्याचा अर्थ, आणि तो वैज्ञानिकदृष्ट्याही वेगळा ठेवण्यासारखा आहे. वाऱ्याने वर्षानुवर्षे घोळलेले कण गोलसर होतात आणि एकमेकांवरून सहज घसरतात; पाण्याने आणलेल्या कणांना कोपरे शिल्लक असतात, त्यामुळे ते थोडेफार एकमेकांना धरून राहतात. ओल असली की आणखी धरतात. कोकणात पुळणीवर भरतीच्या पाण्याने नुकताच सोडलेला पट्टा मोटार पेलतो, आणि वीस पावले वरची कोरडी, पांढरी, फोटोला छान दिसणारी वाळू तीच मोटार गिळते. ओल्या वाळूवर पाय ठेवला की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी पडल्यासारखी दिसते. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये याचे कारण सांगितले: दाबले की घट्ट बसलेले कण एकमेकांना सारून दूर होतात, मधल्या फटी वाढतात आणि वरचे पाणी आत जाते. म्हणजे वाळू दाबल्यावर फुगते. माणसांत हा गुणधर्म स्तुतीनंतर दिसतो.

चाकांच्या जाती दोन: ओढली जाणारी आणि स्वतः ओढणारी. पहिल्या जातीतले सर्वांत गाजलेले प्रकरण कर्णाचे. त्यावर शाप, दैव, दानशूरपणा, मैत्री या अंगांनी मराठीत अमाप लिहिले गेले आहे. जमिनीच्या अंगाने फारसे नाही. विषयाशी त्याचा संबंध बेताचाच आहे, परंतु प्रस्तुत लेखक ‘मृत्युंजय’ वाचून उशी भिजवलेल्या पिढीतला असल्याने थोडा विस्तार होईल.

रथ ओढतात घोडे. चाकाचे काम फक्त भार वाहण्याचे. रथाचे चाक उंच असते ही जमेची बाजू, कारण मोठ्या व्यासाचे चाक लहान चाकापेक्षा कमी रुतते आणि खड्ड्यातून लवकर वर येते. अरुंद असते ही खर्चाची बाजू. चाक धसल्यावर कर्ण खाली उतरला आणि त्याने ते हातांनी उपसायला घेतले. महाभारत सांगते की त्या जोराने सप्तद्वीपांसह पृथ्वी चार अंगुळे वर आली, पण चाक सुटले नाही. म्हणजे जोरात कसर नव्हती. कसर पद्धतीत होती. रुतलेले चाक उपसायचे नसते, फिरवायचे असते. त्याच्या पुढची माती उकरून उतार करावा, खाली काहीतरी आडवे घालावे आणि घोडे पुढे हाकत वरच्या आऱ्याला धरून रेटावे. चाक जिथे टेकले आहे तिथून हाताचे अंतर मग पूर्ण व्यासाएवढे होते आणि कण्याला धरून ढकलण्याच्या दुप्पट फळ पदरात पडते. परंतु घोडे हाकायचे कोणी? सारथी होता शल्य. मद्रदेशाचा राजा, स्वतः महारथी, अश्वविद्येत कृष्णाच्या तोडीचा. आणि त्याने युधिष्ठिराला शब्द दिलेला, की रथ हाकीन पण वाटेत कर्णाचा तेजोभंग करत राहीन. तो शब्द त्याने पाळला. गाडी रुतलेली असताना शेजारच्या आसनावर बसून चालकाच्या कुवतीबद्दल बोलणारा हा आपल्या वाङ्मयातला पहिला सहप्रवासी. नात्याने तो पंडूचा मेहुणा लागत असे. ही नोंद जपून ठेवावी.

वरच्या आऱ्याचा नियम लेखकाला बी.एस्सी.च्या पुस्तकात आकृतीसह भेटला तेव्हा तो ओळखीचा वाटला. लहानपणी मे महिन्यात घोडेगावहून बैलगाडी नेवाशाकडे प्रवरेच्या पात्रात जाई. पात्रात टरबुजांच्या आणि खरबुजांच्या वाड्या असत. गाडीला लाकडी चाके, त्यांना लोखंडी धाव. ही धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करतात, गोवऱ्यांच्या जाळात लाल करून फुगवतात, चाकावर चढवतात आणि वर पाणी ओततात. ती आक्रसताना सगळे सांधे आवळून घेते. त्या वेळी जो चर्र आवाज होतो आणि जो जळक्या लाकडाचा वास येतो, तो ज्याने घेतला आहे त्याला कारखान्यातल्या मिश्रधातूच्या चाकांचे कौतुक ऐकवू नये. परंतु धाव जेमतेम दोन-अडीच बोटे रुंद, आणि वाळूत ती सुरीसारखी उतरे. पात्राची कड आली की गाडी हाकणारे आण्णा कासरा न ओढता खाली उतरत. मग पोरांना उतरवत. ‘‘बैलाला सांगता येत नाही, म्हणून बसून राहायचं व्हय?’’ एवढेच म्हणत. मग धोतर खोचून चाकाशेजारून चालत आणि गाडी अडली की वरच्या आऱ्याला हात घालत. खालच्या नाही, मधल्या नाही, वरच्या. आरा फिरून खाली गेला की पुढचा धरत. त्यांनी आकृती पाहिली नव्हती. उतरताना वंगण लागलेला हात ते वाळूनेच घासून धूत, आणि त्या हाताने टरबूज फोडत.

पुढे टायरगाड्या आल्या. जुन्या मोटारींचे टायर लावलेली ही गाडी लोक सरसकट ‘डनलॉप’ म्हणत. १८८८ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेणाऱ्या पशुवैद्याचे नाव अशा रीतीने बैलांच्या मागे लागले. कारखान्याला ऊस वाहणाऱ्या गाड्यांनी लाकडी चाक हद्दपार केले. टायरगाडीमुळे बैलांचे हाल कमी झाले म्हणावे, तर त्या प्रमाणात गाडीवरचा ऊस वाढवण्यात आला.

आता दुसरी जात, म्हणजे स्वतः ओढणारे चाक. मोटारीच्या चाकाला दोन कामे एकदम करावी लागतात. भार वाहायचा आणि त्याच वेळी वाळूला मागे रेटून गाडी पुढे न्यायची. बैलाचे खूर रुतले तरी चाक रुतत नाही. मोटारीत मात्र खूर आणि चाक एकच. चाक जोरात फिरवले की ते वाळू मागे फेकते, म्हणजे स्वतःच्या पायाखालची जमीन स्वतःच उपसते. या प्रकाराचा नमुना म्हणून २०११ च्या मे महिन्यातली एक चाचणी येथे देत आहे. चाचणीचे वाहन काळे, उंच आणि पाठीवर स्टेपनी टांगलेले होते. चालक प्रस्तुत लेखक.

वाहनाच्या जाहिरातीत ते वाळूची टेकडी चढताना दाखवले होते. इंजिन १२० अश्वशक्तीचे. हे वाहन चारही चाकांनी ओढणारे नसून मागच्या दोनच चाकांनी ओढणारे आहे, ही माहिती पुस्तिकेत स्पष्ट छापलेली होती. लेखकाने पुस्तिकेतली फक्त चित्रे पाहिली होती. घोडेगावच्या चौकात कोणी ‘‘फोर बाय फोर काय?’’ असे विचारले की तो हसून काचेवरची धूळ पुसत असे. हे खोटे बोलणे नव्हे, असे त्याचे त्या वेळी मत होते. रस्त्याने गाडी किती उंच आहे आणि खालून ससा कसा जाईल, हे पुण्याहून आलेल्या मेहुण्यांना सांगत त्याने ती नेवाशाजवळ प्रवरेच्या पात्रात घातली. वास्तविक नेवाशाला जाऊन माणसाने पैसाच्या खांबापुढे हात जोडावेत आणि परत यावे.

हिशेब असा. गाडी १,५०० किलो, विरोध ४५० किलो, म्हणजे एक म्हैस. मागच्या दोन चाकांवर निम्मे वजन, ७५० किलो. एवढ्या वजनाखाली कोरडी वाळू फार तर ४०० किलोंचा रेटा सोसते; त्यापुढे ती सरकते. चारही चाके ओढणारी असती तर रेटा दुप्पट झाला असता आणि म्हैस हलली असती. इंजिनात १२० घोडे असोत की २४०, या हिशेबात घोड्यांचा रकानाच नाही. १२० घोड्यांना एक म्हैस हलवता येत नाही, याचा पुरावा त्या दिवशी दुपारी दोन वाजता घोडेगावच्या रहिवाशाने दिला.

गाडी मंदावली तेव्हा पाय अलगद काढून घ्यावा आणि थांबावे, असा नियम आहे. लेखकाने रेस वाढवली. चाके जागेवर फिरली. मागे उभ्या असलेल्या मेहुण्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर वाळूचा फवारा बसला. पुन्हा रेस, पुन्हा फवारा. चौथ्या खेपेस गाडी पोटावर बसली. चाके मोकळी फिरत होती आणि गाडीचा तळ वाळूवर टेकला होता. दुपारी डबक्यात म्हैस बसते त्याच समाधानाने.

‘‘दाजी,’’ मेहुणे दातांतली वाळू थुंकत म्हणाले, ‘‘जाहिरातीत तर ही टेकडी चढत होती.’’

पंडूच्या मेहुण्याची नोंद येथे लागते. सौभाग्यवतींनी सुरुवातीलाच सगळ्यांनी उतरावे असे सुचवले होते. त्यावर ‘‘ही बैलगाडी नाही’’ असे उत्तर गेले होते. वेळ पात्रातल्या उन्हाची होती, शिंगणापूर त्याच तालुक्यातले असल्याने साडेसातीचाही विषय निघाला, परंतु यांत्रिक कारणे पुरेशी असताना शनिदेवांना मध्ये घेण्याची गरज नसते.

वाळूत चालण्याचे जे उपाय पुस्तकांत आहेत, त्यांत पहिला चाकातली हवा कमी करणे हा आहे. टायरमधली हवा जेवढी, साधारण तेवढाच दाब तो जमिनीवर देतो. ३५ पौंड हवा म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच किलो. १५ पौंडांवर आणली की तो एका किलोच्या आसपास येतो. टायर चपटतो, टेकलेला पट्टा लांबतो, पाऊल दुपटीहून मोठे होते आणि चाक वाळूत शिरण्याऐवजी वाळूवर राहते. उंटाचे पाऊल याच कारणाने पसरट असते. नगरच्या रणगाडा संग्रहालयात कित्येक टनांची लोखंडी धूडे रांगेने उभी आहेत. पट्ट्यांमुळे अशा रणगाड्याचा जमिनीवरचा दाब किलोच्या आसपासच पडतो, म्हणजे लेखकाच्या देखण्या मोटारीच्या निम्म्याहून कमी. कठीण रस्त्यावर मात्र हेच उलटे होते: कमी हवेचा टायर जास्त दबतो, तापतो, जड चालतो, आणि वेगात फुटतोसुद्धा. म्हणून रस्त्यासाठी हवा भरलेली आणि वाळूसाठी सोडलेली, असे शास्त्राचे म्हणणे आहे. सगळीकडे पस्तीस घेऊन फिरणारा माणूस दोहोंपैकी एका ठिकाणी अडतो.

हे शास्त्र रुळवण्यात राल्फ बॅगनॉल्ड या इंग्रज लष्करी अभियंत्याचा वाटा मोठा आहे. १९२० आणि ३० च्या दशकांत तो हौसेखातर फोर्डच्या साध्या मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटात हिंडला. हवा उतरवायची, चाक रुतले की खाली पोलादी पन्हळी पट्ट्या सरकवायच्या, हे त्याने तिथे बसवले. १९४० मध्ये त्याच्या देखरेखीखाली लष्कराची वाळवंटी तुकडी उभी राहिली आणि १९४१ मध्ये वाहत्या वाळूवरचा त्याचा ग्रंथ निघाला, जो आजही वापरात आहे. वाळूच्या टेकड्यांनी कित्येक टोळ्या, सैन्ये गिळली; हा मनुष्य त्यांच्यात रुतला आणि ग्रंथ घेऊन बाहेर आला. प्रत्येकाला ते जमत नाही. १९७१ मध्ये अपोलो १५ बरोबर चंद्रावर गेलेल्या गाडीने तर हवेचा प्रश्नच मिटवला: तिची चाके पोलादी तारेची विणलेली होती, बाजेसारखी.

प्रवरेच्या पात्रात बॅगनॉल्डचे काम एका वीसेक वर्षांच्या मुलाने केले. तो ट्रॅक्टर घेऊन आला होता. मागे ट्रॉली, ट्रॉलीत ओली वाळू, पुढे-मागे कुठेही नंबर नाही. मोठी, दातेरी, कमी हवेची चाके वाळूवरून अशी चालत होती की पाहून लेखकाचा मत्सर जागा झाला.

‘‘काका, हवा किती हे?’’

‘‘पस्तीस,’’ लेखकाने गुण सांगावेत तसे सांगितले. तो दर रविवारी हवा तपासून घेत असे.

‘‘लईच हे. सोडा.’’

‘‘पुढच्या की मागच्या?’’

‘‘समदीच सोडा.’’

काडीच्या टोकाने एकेक व्हॉल्व्ह दाबला गेला. फुस्स असा तो आवाज पात्रात दूरवर ऐकू जातो. मेहुणे शांतपणे ऐकत उभे होते. मग मुलाने काठावरच्या शेतातून उसाचे पाचट आणून चाकांपुढे पसरले, पोटाखालची वाळू फावड्याने ओढली, साखळी लावली आणि सगळ्यांना लांब उभे केले. गाडी तीन मिनिटांत बाहेर आली.

‘‘किती द्यायचे?’’

‘‘पैसं नको. तलाठी भेटलं तर तुम्ही आम्हाला बघितलं नाही, बास.’’

लेखक तोवर वाळूउपशाविरुद्ध वर्तमानपत्रांना सातत्याने पत्रे पाठवत असे. दोन छापूनही आली होती. कात्रणे गाडीच्या कप्प्यातच होती. तलाठी भेटले नाहीत. भेटले असते तर काय झाले असते, याचे उत्तर तांत्रिक लेखात बसत नाही. पुढची दीड वर्षे या विषयावर पत्र गेले नाही, एवढी नोंद पुरे.

सगळे उपाय करूनही वाहन निघत नाही, असेही घडते. अमेरिकेच्या ‘स्पिरिट’ या मंगळावरच्या गाडीचे चाक २००९ मध्ये मऊ वाळूत धसले. पृथ्वीवर तशीच वाळू पसरून, तशीच गाडी रुतवून तज्ज्ञांनी महिनोन्‌महिने प्रयत्न केले. जमले नाही, तेव्हा जानेवारी २०१० मध्ये त्यांनी जाहीर केले की ही गाडी यापुढे एका जागी राहून संशोधन करणारे केंद्र म्हणून काम करील. लेखकाला ही बातमी ठाऊक होती. पात्रात बसल्या बसल्या असेच एखादे निवेदन सासुरवाडीसाठी मनात तयारही झाले होते.

या विषयाची दुसरी बाजू वाळू, आणि तिच्याबद्दल आता थोडेच सांगण्यासारखे उरले आहे. ती ब्रासवर मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. २०२३ मध्ये राज्य सरकारने ६०० रुपये ब्रास या दराने डेपोतून वाळू देण्याचे धोरण आणले. आता दगड भरडून केलेली कृत्रिम वाळूही मिळते. नदीची वाळू डोंगर झिजून पुराबरोबर येते. तिला यायला काळ लागतो, आणि वाटेत धरणे आहेत. प्रवरेवर भंडारदऱ्याचे तर १९२६ पासून आहे. येते त्याहून कितीतरी पट नेली जाते. पात्रातली वाळू उन्हाळ्यातही पोटात पाणी धरून ठेवत असे आणि काठच्या विहिरींना ते झिरपून मिळे. वाळू गेली की विहीर खोल करावी लागते, मग आणखी खोल. त्या मुलाच्या ट्रॉलीत किती ब्रास बसत होती हे लेखकाने विचारले नाही. नेवाशाच्या नव्या बंगल्यांत तिने काही भिंती उभ्या केल्या असतील. लेखकाच्या घराचा वरचा मजलाही २०१२ चाच आहे.

मागच्या उन्हाळ्यात त्याच जागी पुन्हा चाचणी घेण्यात आली. वाहन तेच, हवा पस्तीस, मेहुणे सोबत. पात्राच्या कडेला गाडी थांबवून लेखकाने सगळ्यांना उतरवले आणि स्वतःच्या खिशात काडी असल्याची खात्री केली. ती लागली नाही. तळाला काळी चिकण उघडी पडून भेगाळली होती, मध्ये खडकाचे कातळ, कडेने वेड्या बाभळी. वाड्या नव्हत्या. लेखक गाडीत एकटा बसला, पहिला गिअर टाकला आणि पात्र या काठापासून त्या काठापर्यंत पार केले. विरोध अंदाजे पाच टक्के भरला. चाकोरी उमटली नाही.